ढेकर आलाच नाही तर?

आजचा विषय रात्री तीन वाजताचा. लेक बारा दिवसांची. अंगावर पिता पिता झोपली, आणि मी अर्धा तास पाठ थोपटतोय. ढेकर नाहीच! तशीच झोपवली आणि दूध श्वासात अडकलं तर? शेवटी तीच उठून रडायला लागली.

सकाळी डॉक्टरांना विचारलं. पिताना थोडी हवा पोटात जाते, ती ढेकरातून निघते. पण अंगावर पिणाऱ्या बाळाने स्तन नीट पकडला असेल तर हवा सहसा कमीच जाते. म्हणून दर वेळी ढेकर येईलच असं नाही.

मग करायचं काय? एक बाजू पिऊन झाली की बाळाला खांद्यावर उभं धरा, मान-डोक्याला आधार द्या, पाठीवरून हलका हात फिरवा. खांद्यावर सुती फडकं हवंच! चार-पाच मिनिटं पुरे. आमच्या भाषेत सांगायचं तर या लूपला टाइमआउट द्या. बाळ शांत असेल तर पाठीवर झोपवा, पालथं नाही.

थोडं दूध ओठांवाटे येणं नेहमीचंच. उलटी हिरवी असेल, किंवा दर वेळी जोरात फेकल्यासारखी होत असेल, तर मात्र थोपटत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

काल ढेकर आला नाही. आम्ही तिघंही झोपलो.