‘येर’ आणि ‘पाणी’

आमच्या घरात ‘पानी’ म्हणत. शाळेत ‘पाणी’ म्हणायला शिकलो. फरक एका अक्षराचा. गडचिरोलीच्या जंगलातल्या गोंडी मुलाला मात्र ‘येर’पासून ‘पाणी’पर्यंत चालत यावे लागते.

आता पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन असतो. त्यात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. मोबाइलचा कॅमेरा धरला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरची चित्रफीत उघडते. त्यासाठी रेंज हवी. भामरागड-एटापल्लीकडे ती सगळीकडे पोचत नाही. तरी रेंजच्या गावी धडा उतरवून घेतला, तर पुढे तो रेंजविनाही चालतो.

पण भाषेच्या रेंजचे काय? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. क्यूआर कोडचा गाजावाजा झाला. त्याआधीची मेहनत मागे राहिली. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना कोड जोडले.

आपल्याकडेही क्रम तोच हवा. गावातल्या आजीची गोंडी किंवा माडिया गोष्ट मोबाइलमध्ये भरून घ्यायला इंटरनेट लागत नाही. गुरुजींनी ती वर्गात ऐकवावी, फळ्यावर ‘येर’ आणि ‘पाणी’ शेजारी-शेजारी लिहावे. घरचा शब्द शाळेत ऐकलेले मूल पुढचा शब्द आपणहून विचारते.