मारणं आणि थांबणं: टी पेशींची जनुकं काय सांगतात

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. जीवशास्त्राकडे वळतो ते एका जुन्या प्रश्नामुळे. एखाद्यात क्षमता आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यात नेमकं काय असतं?

आपल्या रक्तातल्या टी पेशी घ्या. त्यांतला एक गट विषाणूने ग्रासलेली किंवा कर्करोगाची पेशी ओळखून तिला मारतो. पण ही हत्यारं सुरुवातीपासून तयार नसतात. लक्ष्याची ओळख पटली, की टी-बेट आणि इओमेस ही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात ठरावीक जनुकं चालू करतात. त्यांतून परफोरिन आणि ग्रँझाइम तयार होतात. परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. ग्रँझाइम आत शिरतं आणि त्या पेशीला आत्मनाश करायला लावतं.

आता परफोरिनचं जनुकच बिघडलं तर? १९९९ मध्ये लहान मुलांच्या एका जीवघेण्या आनुवंशिक आजारामागे हाच दोष सापडला. या मुलांच्या टी पेशी शत्रूला ओळखतात, पण मारू शकत नाहीत. काम संपतच नाही, म्हणून त्या मदतीच्या हाका देत राहतात आणि त्या दाहात शरीरच होरपळतं.

मग मारण्याची ताकद जितकी जास्त तितकं बरं का? तसंही नाही. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी सीटीएलए-४ हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. ते तीन-चार आठवड्यांतच मेले. त्यांच्याच टी पेशी हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या होत्या. म्हणजे हे जनुक ब्रेकचं काम करतं.

दुसरा ब्रेक पीडी-१. त्याचं जनुक १९९२ मध्ये क्योटोत तासुकू होन्जो यांच्या गटाने शोधलं. कर्करोगाच्या अनेक गाठी हाच ब्रेक दाबून ठेवतात. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ बाबत विचार केला तो असा: पेशीला नवं बळ द्यायचं नाही, फक्त ब्रेक सोडायचा. त्यावरचं पहिलं औषध तिथे २०११ मध्ये मान्य झालं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. पण या औषधांनी काही रुग्णांमध्ये मोकळ्या सुटलेल्या पेशी आतड्यावर, थायरॉईडवर तुटून पडतात. मग त्यांना आवरायला स्टिरॉइड द्यावं लागतं.

तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात दिसली, की विचारा, नेमकं काय वाढवणार? थांबता येणं हाही क्षमतेचाच भाग आहे, आणि त्यासाठीही जनुकं लागतात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.