उपकेंद्राच्या आवारातील पाऊस

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलेले नगर. त्याला मोठी नदी नाही. तेथील पाऊस माथ्यावरून दोन्ही अंगांना उतरतो : वृषभावतीच्या खोऱ्यातून अर्कावतीमार्गे कावेरीला, आणि हेब्बाळ व कोरमंगल-चल्लघट्ट या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीला. या उतारांवर पूर्वजांनी तळ्यांच्या माळा रचल्या. एक तळे भरले की त्याचे पाणी खालच्या तळ्यात जाई. हे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात. यांपैकी पुष्कळ तळी पुढे बुजली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे, तर संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. पाण्याचा उतार मात्र बदललेला नाही.

शिवनसमुद्र येथील वीज १९०५ साली बंगळुरात आली. मागणी वाढत गेली, तशी विद्युत् उपकेंद्रे उभी राहिली. उघड्या उपकेंद्राला विस्तीर्ण आवार लागते. विजेची उपकरणे वायूने भरलेल्या बंद नळकांड्यांत बसविण्याची नवी पद्धत आली, आणि तेच काम पूर्वीच्या जागेच्या लहानशा भागात होऊ लागले. अशा वेळी उरलेल्या जमिनीवर इमारती बांधण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. पण तेथे पडणाऱ्या पावसाची व्यवस्था आधी लावावी लागते.

उपकेंद्राच्या आवारात खडी पसरलेली असते. बिघाडाच्या वेळी जमिनीत वीज उतरली, तर माणसाच्या दोन पावलांमध्ये विद्युत्-दाब निर्माण होऊ शकतो. खडीचा कोरडा थर त्या वेळी संरक्षण देतो. हीच खडी पावसाचे पाणीही मुरू देते. ती काढून जमिनीवर काँक्रीट घातले म्हणजे काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, आवार एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर आहे आणि तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी झाले ६ लाख लिटर. पूर्वी त्याचे तीन दशांश, म्हणजे १.८ लाख लिटर, वाहून जात होते, असे धरू. छपरे व फरसबंदी झाल्यावर नऊ दशांश, म्हणजे ५.४ लाख लिटर, वाहून जाईल. दर सेकंदाला ५० लिटरऐवजी १५० लिटर पाणी नाल्यात येईल. नाला तितकाच राहिल्यास वाढलेले पाणी खालच्या वस्तीत शिरेल. म्हणून जादा ३.६ लाख लिटर पाणी आवारातच थोपवून ते हळूहळू सोडले पाहिजे. त्यासाठी १८ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाकी पुरेल.

बंगळुरात २००९ पासून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे. तेव्हा टाकीऐवजी शोषखड्डे खणून सारे पाणी जमिनीत जिरवावे, असे कोणालाही वाटेल. येथेच सावध राहावे लागते. रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, थंडाव्यासाठी व विद्युत्-रोधासाठी तेल असते, आणि वर्षानुवर्षांच्या गळतीने ते जमिनीत उतरलेले असू शकते. काही जुन्या रोहित्रांच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे दीर्घकाळ न विघटणारे विषारी द्रव्यही आढळते. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्णपणे बंद करण्याचा आदेश भारत सरकारने २०१६ साली काढला होता. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही. ते मातीच्या कणांना चिकटते आणि गाळाबरोबर तळ्यापर्यंत पोहोचते. अशा जमिनीतून मुद्दाम पाणी मुरविणे म्हणजे शेजारच्या कूपनलिकांकडे तेलाला वाट करून देणे होय.

यास्तव कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम मातीचे नमुने तपासावेत आणि दूषित माती हलवावी. ती हलविताना पावसाने गाळ वाहून जाऊ नये, म्हणून भोवती बांध व गाळकुंड करावे. छपरांवरचे स्वच्छ पाणी वेगळे साठवावे, आणि ज्या जागेची शुद्धता सिद्ध झाली असेल तेथेच ते मुरवावे. चालू रोहित्रांभोवतालचे पाणी मात्र तेलविभाजक कुंडातूनच बाहेर सोडावे. तेल पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते व खालचे पाणी अलग काढता येते.

उरलेली यंत्रे पुराच्या पातळीहून उंचावर ठेवणेही तितकेच आवश्यक असते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरात एका दिवसात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्याच सुमारास मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील पंपगृहात पुराचे पाणी शिरले. त्यामुळे शहराला होणारा कावेरीच्या पाण्याचा पुरवठा विस्कळीत झाला. सभोवती पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले, ते यंत्रे बुडाल्यामुळे.

विद्यार्थी वाचकांनी आपल्या शाळेचे छप्पर मोजून पाहावे. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी मिळते. ते कोणत्या नाल्याने कोणाच्या दारी जाते, हेही एकदा चालत जाऊन पाहावे.