गेम बनवणे ही कला आहे का?

आज विषय गेमचा. आधी एक गोष्ट बाजूला काढू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. खेळणाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जावा, एवढाच त्यांचा हेतू. मी बोलणार आहे ते दुसऱ्या जातीच्या गेमबद्दल.

चित्रकार चित्र पुरे करून भिंतीवर लावतो. गेम बनवणारा मात्र काम अर्धेच करतो. उरलेले अर्धे खेळणाऱ्यासाठी मोकळे सोडावे लागते, आणि ते सोडणे हेच कठीण.

फौजेत आम्ही हे सँड मॉडेलवर पाहिले. वाळूचे डोंगर, नदीला निळी पूड, रस्त्यांना लोकर. अधिकाऱ्यांचे गट पडायचे आणि लढाईची योजना मांडायचे. शिकवणाऱ्या डीएसकडे तयार उत्तर असे. त्याला आम्ही ‘पिंक’ म्हणायचो. कच्चा डीएस दहा मिनिटांत पिंक वाचून मोकळा होई. मुरलेला डीएस एखाद्या कॅप्टनने भलतीच वाट सुचवली की एवढेच विचारी, “बरं, मग शत्रू काय करेल?” तिथून खरा खेळ सुरू होई.

ही परंपरा जुनी. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्स नावाच्या लेफ्टनंटने लष्कराला नकाशावरचा युद्धखेळ दिला. फासे, पंच आणि नियमांची जाडी पोथी. नियमांतच खेळ अडकू लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी दु फेर्नुआ या अधिकाऱ्याने बरेचसे नियम काढून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला.

आपल्या गल्लीतही हे शहाणपण होतेच. लगोरीत धाकटे भावंड रडत आले की त्याला ‘कच्चा लिंबू’ करायचे. तो खेळणार, पण आउट होणार नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हते. पाच-सहा पोरांनी उभ्या उभ्या ठरवलेले. डाव न बिघडवता लहानग्याला आत कसे घ्यायचे, हा अस्सल गेम बनवणाऱ्याचा प्रश्न आहे.

आता आजचे उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० साली आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि तिच्याविषयी आपसांत बोलणारे दुर्गा नि विष्णू. संस्थापकांत अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड. वास्तू राजस्थानी धाटणीच्या, रंग पहाडी चित्रशैलीचे, मधली कथा छायाबाहुल्यांतून, संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे.

आता या लोकांची अडचण बघा. राजी एखाद्या कोपऱ्यावर तीन सेकंद थांबेल की तीन मिनिटे, हे संगीतकाराला ठाऊक नसते. चाल अशी हवी की ती कुठेही वळली तरी तुटू नये. जिच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही ती भिंतही चित्रकाराला रंगवावी लागते. आणि उडीचे अंतर प्रोग्रामरने वाढवले की वास्तू पुन्हा आखणे आले. ‘हे माझे’ म्हणून कुणाला अडून बसता येत नाही. २०१७ साली किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नव्हती, तरी काम चालू राहिले. २०२०च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळाले. मला त्यातल्या लढाया जरा एकसुरी वाटल्या. चित्रे मात्र थांबून पाहावीत अशी.

इथे नोएडात एका मराठी गृहस्थांनी मला विचारले, “कर्नलसाहेब, मुलगी बारावी झाली, गेम बनवायचे म्हणते. पाठवू का?” मी म्हटले, आधी तिला कागद, फासा आणि बाटलीची बुचे द्या. खेळ रचू दे आणि शेजारच्या मुलांना खेळायला देऊ दे. ती गप्प बसून पाहते का, ते बघा. मुलांनी भलताच डाव काढला तर चिडते, की वहीत टिपून घेते? टिपून घेत असेल तर एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याआधी पदवी हवी, म्हणजे विचाराला तीन-चार वर्षे मिळतात. नोकरीची हमी मी देत नाही. या धंद्यात चढउतार फार. पण बुचे घरात असतीलच, या रविवारीच बसवा तिला.