दह्याची परीक्षा आणि ताम्राचे सोबती

ताम्रभस्माच्या दाखल्यावर ताम्राची टक्केवारी दिसली की निर्माते निश्चिंत होतात. मात्र द्रावणात सुटलेला ताम्र-आयन कोणाशी बद्ध होतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पेशीतील एटीपी बहुतांशी मॅग्नेशियमशी बद्ध असते. तेही मुख्यतः ऋणभारित फॉस्फेटद्वारे. ताम्र त्याहून घट्ट बसतो व अ‍ॅडेनिनच्या नत्रालाही धरू शकतो. स्पर्मिडिन, स्पर्मिन ही पॉलिअमाइने सामू ७ च्या आसपास धनभारित असतात आणि त्याच फॉस्फेटसाठी स्पर्धा करतात. सामू बराच वाढून प्रोटॉन सुटले, तर त्यांचे नत्र स्वतःच ताम्राला धरतात. म्हणून मुळात ताम्र सुटतो किती, हे पाहणे अगत्याचे. दह्यावर भस्म ठेवून हिरवटपणा येतो का हे पाहण्याची आपली जुनी परीक्षा नेमके हेच तपासते. यंत्रे आली तरी, माझ्या मते, ती प्रत्येक घाण्याला व्हावी.