तो लाल आकडा काय सांगतोय?

कासच्या पठारावर फुलं आली की तुमचा ब्लॉगही फुलतो. फोटो, फुलांची नावं, साताऱ्याहून कसं जायचं, सगळं त्यात. मग परीक्षा येतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत लॉगिनच होत नाही. मध्येच कधी डॅशबोर्ड उघडला, तर ‘प्लगइन्स’शेजारी लाल आकडा दिसतो : ९. ‘बघू नंतर’ म्हणत तुम्ही टॅब बंद करता. बरोबर ना?

स्वतः होस्टिंग घेऊन वर्डप्रेस चालवत असाल, तर ही टाळाटाळ महागात पडेल. फोटो गॅलरी, संपर्काचा फॉर्म, शेअरची बटणं ही प्लगइन्स वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात. त्यात चूक सापडली की ते दुरुस्त करून नवी आवृत्ती देतात. पण त्याच दिवशी चूक नेमकी कुठे होती, हेही हॅकर्सना कळतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की झालं!

सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आयर्विन पुलाजवळ पाणी चढायची वाट कोण बघतं? नदीकाठची माणसं आधीच सामान हलवतात. अपडेटची सूचना म्हणजे तशीच बातमी. पाणी दारात यायच्या आत हालचाल करायची.

कधी कधी पाणी बातमीआधीच येतं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमध्ये मोठी चूक उघडकीस आली. सुमारे ७ लाख साइट्सवर ते होतं. लॉगिन न करता कुणीही साइटवर घातक फाइल चढवू शकत होतं. दुरुस्त आवृत्ती ६.९ आली, तोवर हल्ले सुरू झाले होते आणि नंतर ते वाढतच गेले.

मग करायचं काय?

- आधी बॅकअप. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा. कॉपी सर्व्हरबाहेर ठेवा.
- एका वेळी एकच प्लगइन अपडेट करा आणि साइट उघडून बघा. बिघडलं तर कशामुळे, ते लगेच कळेल.
- नको असलेलं प्लगइन नुसतं बंद करू नका, डिलीट करा. बंद केलं तरी त्याच्या फाइल्स सर्व्हरवर राहतात.
- मित्रानं पाठवलेलं फुकटातलं ‘प्रो’ प्लगइन नकोच. त्यात काय घुसवलंय कुणास ठाऊक, आणि त्याला अपडेटही मिळत नाहीत.
- वर्डप्रेस ५.५ पासून प्रत्येक प्लगइनसमोर ऑटो-अपडेटची सोय आहे. परीक्षेच्या काळात ती चालू ठेवा.

महिन्यातून एकदा अर्धा तास, एवढंच काम. नाहीतर कासची फुलं शोधत आलेला वाचक तुमच्या ब्लॉगवरून थेट जुगाराच्या साइटवर पोचायचा. आज घरी गेल्यावर तो लाल आकडा शून्यावर आणाच!