माशालाही नैराश्य येते का?

बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्राफिश मूळचा आपल्याच देशाकडचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे आणि भातखाचरे हे त्याचे घर. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी जुळणारी जनुके त्याच्यात सापडतात.

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते पेशींतल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटले, की 'आता पुरे' असा निरोप जातो आणि ताण ओसरतो. हेरविग बायर आणि सहकाऱ्यांना असे झेब्राफिश सापडले, ज्यांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले होते. कॉर्टिसॉल भरपूर, पण निरोप घ्यायला खिडकीवर कोणीच नाही!

नव्या टाकीत सोडलेला साधा मासा थोडा बिचकतो, मग हिंडू लागतो. हे मासे मात्र थिजून राहत. पुन्हा पुन्हा सोडले तरी सरावत नसत. पाण्यात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध मिसळल्यावर त्यांचे वागणे सुधारले. दुसऱ्या माशांच्या सोबतीनेही सुधारले. जनुक मात्र बिघडलेलेच होते.

मासा म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसाचे नैराश्य एका जनुकावर ठरत नाही. तरीही घरात कोणी गप्प झाले, बाहेर पडेनासे झाले, की 'मन खंबीर कर' एवढे सांगून आपण मोकळे होतो. ते दुखणे शरीरातलेही असू शकते. अशा माणसाला डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्याच्याजवळ बसावेही.